चार मिनिटांची उघडीप

दुर्बिणीतून आकाश बघायच्या कॅम्पच्या आदल्या दिवशी हवामानाचं ॲप ‘ढगाळ, ७० टक्के’ असं दाखवतं आणि निम्मी नावं गळतात. माझं स्पष्ट मत आहे की नुसत्या त्या ७० टक्क्यांवरून जायचं की नाही हे ठरवूच नये. ते ७० टक्के म्हणजे रात्रभर आभाळभर पसरलेला पातळ पडदा असू शकतो. दहा वाजेपर्यंत गच्च आभाळ आणि नंतर पहाटेपर्यंत लख्ख, असंही असू शकतं. किंवा दर दहा मिनिटांनी एक ढग आणि मग एक भोक, असा सगळा खेळ असू शकतो. आकडा तिन्हींचा एकच, पण त्या तीन रात्री करायच्या गोष्टी पार वेगळ्या. म्हणून टक्के बाजूला ठेवून ढग कुठल्या जातीचा आहे ते आधी बघावं.

दुपारी फुगलेले, सपाट तळाचे राशिमेघ असतील तर सामान बांधायला घ्यावं. ते तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेवर जगतात. सूर्य मावळला की खालचा पुरवठा तुटतो आणि दोन-तीन तासांत ते बहुतेक वेळा विरून जातात. खाली पसरलेले करड्या रंगाचे थर मात्र चिवट. रात्री त्यांचा वरचा पृष्ठभाग अवकाशाकडे उष्णता टाकत थंड होत राहतो, त्यामुळे सूर्यास्तानंतर ते विरण्याऐवजी आणखी घट्ट होऊ शकतात. तिसरी जात तंतुमेघांची. सहा किलोमीटरच्या वर, बर्फाच्या स्फटिकांचे, पिंजलेल्या कापसासारखे. त्यांच्यातून तारे दिसतात, पण सगळे दिसत नाहीत, आणि कुठले दिसतात हे माहीत असलं की अशी रात्र सहज कामी लावता येते.

उपग्रहाचं चित्र बघणाऱ्यांची एक ठरलेली फसगत होते. रात्रीची चित्रं अवरक्त किरणांत घेतलेली असतात, म्हणजे ती तापमान दाखवतात. उंचावरचा ढग थंड, म्हणून पांढराशुभ्र उठून दिसतो. अगदी खालचा थर जवळपास जमिनीइतकाच उबदार असतो, तो चित्रात जमिनीत मिसळून जातो, आणि ‘चित्रात तर मोकळं दिसतंय’ म्हणत माणसं मळभाखाली उभी राहतात. उपाय सोपा आहे. सूर्यास्तापूर्वीचं, उजेडात घेतलेलं शेवटचं चित्र बघून ठेवायचं, त्यात हा खालचा थर दिसतो. मग मागच्या तीन-चार तासांची चित्रं ओळीने चालवून ढग कुठल्या दिशेने आणि किती वेगाने सरकताहेत ते बघायचं. पुढच्या दोन तासांपुरता हा अंदाज ॲपपेक्षा बरा निघतो.

कॅम्पच्या जागी पोचल्यावर पहिलं काम फाइंडरचं (मुख्य नळीवरची, नेम धरायची छोटी दुर्बीण), आणि ते उजेडातच उरकायचं. निदान अर्धा किलोमीटर लांबच्या एखाद्या खांबाचं टोक मुख्य दुर्बिणीत २५ मिमीच्या आयपीसने (डोळा लावायच्या भिंगाने) मध्यभागी आणा, मग फाइंडरचे स्क्रू फिरवून तेच टोक फुलीवर घ्या. नंतर १० मिमीचं आयपीस लावून पुन्हा तपासा. स्वच्छ रात्री हे काम अंधारात एखादा तारा धरूनही होतं. ढगाळ रात्री तो तारा तुमच्यासाठी थांबत नाही, आणि हातात आलेली चार मिनिटं फाइंडरचे स्क्रू पिळण्यात गेली की त्या उघडिपीचा उपयोग शून्य. सूर्य वर असेपर्यंत दुर्बीण त्याच्या दिशेने चुकूनही फिरणार नाही, याची जबाबदारी एका माणसाने घ्यावी. फाइंडरचं झाकणही तेवढंच महत्त्वाचं, ते हमखास विसरलं जातं.

नंतर कॉलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवणं. न्यूटनी दुर्बिणीची (तळाशी मोठा मुख्य आरसा, तोंडाजवळ छोटा दुय्यम) नळी आडवी ठेवूनच दुय्यम आरशाच्या स्क्रूंना हात लावायचा, म्हणजे ॲलन की हातातून निसटली तरी मुख्य आरशावर आदळत नाही. लेझर वापरणार असाल तर आधी लेझरचीच परीक्षा घ्या. फोकसरमध्ये (आयपीस बसवायच्या, पुढेमागे सरकणाऱ्या नळीत) सैल ठेवून तो स्वतःभोवती हळूहळू फिरवा. मुख्य आरशावरचा लाल ठिपका जागच्या जागी राहिला तर ठीक. तो वर्तुळ काढायला लागला तर लेझर आतून वाकडा आहे, आणि त्याच्या भरवशावर केलेली जुळणीही वाकडीच होणार. लेझर सरळ निघाला की दुय्यम आरशाच्या स्क्रूंनी ठिपका मुख्य आरशाच्या मधल्या खुणेवर आणायचा, आणि मग मुख्य आरशाच्या स्क्रूंनी परतीचा किरण लेझरच्या तोंडावरच्या छिद्रात परत पाठवायचा. एक स्क्रू आवळण्याआधी समोरचा सैल करायचा. जोर लावावा लागत असेल तर काहीतरी चुकतंय.

आरसा धरून ठेवणाऱ्या तीन क्लिपाही याच वेळी बघून घ्याव्यात. क्लिप आणि काच यांच्यामध्ये कागद सरकेल इतकी फट हवी. घट्ट आवळलेल्या क्लिपा आरशाला चिमटा काढतात, आणि उच्च वर्धनाला तारा तीन कोनांचा दिसायला लागतो. पुष्कळ जण त्याचं खापर हवेवर फोडतात. तारा नसतानाही ही तपासणी होते. लांबच्या चकचकीत गोल पृष्ठभागावर चमकणारं उन्हाचं टिंब हा दिवसाचा कृत्रिम तारा. रात्री ॲल्युमिनियमच्या फॉइलला बारीक सुईने छिद्र पाडून मागे एलईडी लावला की तो तयार होतो. तो २५-३० मीटरवर तरी हवा. जवळची वस्तू फोकसमध्ये आणताना फोकसर नेहमीपेक्षा बाहेर काढावा लागतो, तेव्हा प्रतिमा येत नाही म्हणून घाबरून जाऊ नये.

जुळणी झाली की दुर्बीण बाहेरच ठेवायची. २०० मिमीचा आरसा आसपासच्या हवेइतका थंड व्हायला पाऊण ते एक तास लागतो. आभाळ भरलंय म्हणून दुर्बीण खोलीत किंवा गाडीत ठेवली, तर उघडीप आल्यावर जे दिसतं ते गरम आरशावरून उठणाऱ्या हवेचं उकळणं. पाऊस नसेल तर नळी झाकून, पण बाहेरच.

कुठली दुर्बीण न्यावी, असं विचारलं तर ढगाळ कॅम्पला डॉब्सोनियनच. जॉन डॉब्सनने लोकप्रिय केलेली ही साधी लाकडी बैठक कुठलीच तयारी मागत नाही. ढकला आणि बघा. संगणकावर चालणाऱ्या बैठकीला आधी दोन तारे दाखवावे लागतात, आणि पहिला दाखवून दुसऱ्याकडे वळेपर्यंत तो ढगात जातो. मग सगळं पहिल्यापासून. विषुववृत्तीय बैठक (पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षावर फिरणारी) आणली असेल तर ध्रुवताऱ्याची वाट बघत बसू नका. त्या जागेचे अक्षांश अंशमापकाने बैठकीच्या अक्षाला द्या आणि दिशा होकायंत्राने लावा. होकायंत्र ट्रायपॉडच्या लोखंडापासून चार-पाच पावलं लांब धरा, आणि त्या ठिकाणी चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून किती ढळलेली आहे तेवढी दुरुस्ती करा. ध्रुवतारा स्वतःच खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशापेक्षा थोडा जास्त लांब आहे, त्यामुळे दुर्बिणीतून नुसतं डोळ्याने बघण्यासाठी एवढी अचूकता भरपूर झाली. लांब एक्सपोजरच्या फोटोंना ती पुरणार नाही.

आता यादी. बहुतेक जण मेसिएच्या (अंधुक वस्तूंची प्रसिद्ध यादी करणारा फ्रेंच खगोलविद, ‘एम’ त्याचाच) क्रमांकाने किंवा प्रकाराने यादी करतात. आधी तारकागुच्छ, मग तेजोमेघ, मग दीर्घिका. मोकळ्या आकाशात ते चालतं. ढगाळ रात्री यादी दिशेने करावी. आकाशाचे पाच भाग करा: चार दिशा आणि डोक्यावरचा घुमट. प्रत्येक भागासाठी वेगळा कागद, त्यावर फक्त चार गोष्टी, सोप्याकडून अवघडाकडे. एखाद्या थंडीतल्या रात्री डोक्यावर कृत्तिका, ब्रह्महृदयाच्या सारथी राशीतले गुच्छ, ययातीतला जोडगुच्छ. दक्षिणेला मृगातला तेजोमेघ एम ४२ आणि व्याधाच्या खालचा गुच्छ एम ४१. उघडीप आली की ‘काय बघूया’ हा प्रश्न पडता कामा नये. त्या भागाचा कागद वर घ्यायचा आणि पहिली ओळ वाचायची. कागदावर मोठं, जाड अक्षर काढा, कारण मंद लाल उजेडात बारीक अक्षर वाचता येत नाही. लाल शाईने काही लिहू नका. लाल उजेडात ती नाहीशी होते.

उघडीप किती टिकेल हे आधी सांगता येतं, आणि कॅम्पला आलेल्या नवख्यांना हे सर्वांत आधी शिकवावं. हात लांब करून वळलेली मूठ साधारण दहा अंश झाकते. ढगांची कड एखाद्या ठळक ताऱ्यापासून एक मूठ सरकायला किती सेकंद लागतात ते मोजा. मग वाऱ्याच्या उगमाकडे तोंड करा आणि येणारं भोक किती मुठी रुंद आहे ते बघा. कड एका मिनिटात एक मूठ सरकत असेल आणि भोक चार मुठींचं असेल, तर चार मिनिटं. दुर्बीण आधीच त्या भोकाच्या वाटेवरच्या वस्तूकडे रोखून ठेवायची आणि ढग तिथून सरकण्याची वाट बघायची. ढगांमागे धावत दुर्बीण फिरवत राहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, कारण वस्तू सापडेपर्यंत भोक पुढे गेलेलं असतं.

भोकं डोक्यावरच जास्त आणि मोठी दिसतात. ढगाला जाडी असते, आणि क्षितिजाकडे आपण त्याच्या बाजू बघतो, त्यामुळे दोन ढगांमधली फट असूनही झाकली जाते. डोक्यावर आपण सरळ खालून बघतो, तिथे फट असते तेवढी दिसते. शिवाय ३० अंशांच्या उंचीवर बघताना नजरेला डोक्यावरच्या दुप्पट हवा ओलांडावी लागते. म्हणून ढगाळ रात्रीच्या यादीत ६० अंशांच्या वरच्या गोष्टींना पहिला मान. डॉब्सोनियनला ऐन खस्वस्तिकाजवळ, म्हणजे थेट डोक्यावर, बाजूला वळवणं अवघड जातं, तेव्हा डोक्यावरून थोड्या ढळलेल्या वस्तू निवडाव्यात, ६० ते ८० अंशांमधल्या.

आयपीस कमी वर्धनाचंच लावून ठेवायचं. २०० मिमी, एफ/६ दुर्बिणीत, म्हणजे १२०० मिमी नाभीय अंतर असेल तर २५ मिमीचं आयपीस ४८ पट वर्धन देतं. त्याचं दृश्य क्षेत्र ५० अंशांचं असेल तर आकाशातला साधारण एक अंश दिसतो, म्हणजे दोन पूर्णचंद्र शेजारी मावतील एवढा. उघडिपीत आयपीस बदलण्याची हौस करू नये. रांगेत सात-आठ जण असतील तर प्रत्येकाला तीस सेकंद, आणि डोळा लावण्याआधीच नेमकं काय शोधायचं ते सांगून ठेवायचं: ‘मध्ये चार ताऱ्यांचा छोटा चौकोन, त्याभोवती पंखासारखा धूसर उजेड.’ आयपीसला डोळा लागल्यावर वर्णन सुरू केलं, तर अर्धा वेळ ऐकण्यात जातो.

पातळ तंतुमेघांची रात्र वेगळी. पडदा ताऱ्यांचा प्रकाश अडवतो आणि जमिनीवरचा व चंद्राचा प्रकाश पसरवून पार्श्वभूमी उजळवतो. मंद, पसरट वस्तूंवर हे दोन्ही घाव एकदम बसतात. दीर्घिका सर्वांत आधी जातात, मग तेजोमेघ, मग गोलाकार गुच्छ. ग्रह, चंद्र आणि जोडतारे टिकून राहतात. इतकंच नाही, अशा रात्री हवा बरेचदा स्थिर असते आणि ग्रहांची झळाळी थोडी कमी झाल्याने गुरूचे पट्टे उलट सोपे जातात. झंझावात निघून गेल्यानंतरचं धुवून काढलेलं काळंभोर आकाश दिसायला देखणं, पण त्यात तारे थरथरतात. म्हणून पातळ पडद्याखाली सरळ जोडताऱ्यांची यादी काढावी. हंसाच्या चोचीतला अल्बिरिओ, सुमारे ३४ विकलांवर (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सोनेरी आणि निळा. वसिष्ठ, नुसत्या डोळ्यांना जवळची अरुंधती दाखवणारा आणि दुर्बिणीत १४ विकलांवर आणखी एक सोबती उघड करणारा. देवयानीचा तिसरा तारा, सुमारे दहा विकला. पुनर्वसूतला कॅस्टर, पाच-सहा विकला, त्याला वर्धन जास्त हवं.

एक गोष्ट मात्र पातळ ढगांतून अजिबात करू नये: रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या, ताऱ्यांच्या तेजाचा अंदाज. अल्गोल दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी २.१ प्रतीवरून ३.४ प्रतीपर्यंत उतरतो (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद). तुलनेच्या ताऱ्यांसमोर ढगाची जाडी वेगळी असेल, तर हा सगळा उतार ढगानेच निर्माण केलेला असू शकतो, आणि तशी नोंद पुढे कुणाच्याच कामाची राहत नाही.

चंद्र असेल आणि त्याच्याभोवती मोठं खळं पडलं असेल तर सगळ्यांना बाहेर बोलवा. त्याची त्रिज्या २२ अंश, म्हणजे दोन मुठींहून थोडी जास्त. षटकोनी बर्फस्फटिकांच्या एकाआड एक बाजू ६० अंशांचा लोलक बनवतात, त्यातून वळलेला प्रकाश २२ अंशांवर गर्दी करतो. कडेचा लालसर रंग आतल्या बाजूला असतो. चंद्राला अगदी खेटून दिसणारी छोटी रंगीत वलयं वेगळ्या कारणाची. ती पाण्याच्या थेंबांची, आणि त्यांत लाल बाहेरच्या बाजूला. थेंब जितके बारीक तितकं वलय मोठं. दुर्बीण न लावता, नुसत्या रंगांच्या क्रमावरून डोक्यावरचा ढग बर्फाचा की पाण्याचा हे ओळखता येतं.

आणि पूर्ण मळभ? आधी ढग काळा दिसतो की उजळ ते बघा. खऱ्या अंधाऱ्या जागी ढग म्हणजे ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवरची काळी भोकं. शहराच्या जवळ ढग आकाशाहून उजळ दिसतात, कारण खालचे दिवे त्यांना उजळवतात. जॉन बॉर्टलने २००१ साली मांडलेल्या नऊ पायऱ्यांच्या मापनात ढगांचं हे रूप एक महत्त्वाची खूण आहे. कुठल्या दिशेचा ढग पिवळट दिसतो तेही टिपून ठेवा, पुढच्या कॅम्पची जागा निवडताना ते उपयोगी पडेल. आकाशाचा काळेपणा मोजणारं यंत्र असेल तर मळभातलं वाचन आकाशाच्या नोंदीत घालू नका. अंधाऱ्या जागी ढग ताऱ्यांचाही उजेड झाकतो आणि आकडा खऱ्याहून चांगला येतो.

मळभातला माझ्या सर्वांत आवडीचा उद्योग म्हणजे मंगळाची चकती. १९०३ साली खगोलविद एडवर्ड वॉल्टर माँडर आणि जे. ई. इव्हान्स यांनी ग्रिनिचच्या एका शाळेतल्या मुलांसमोर मंगळाची चित्रं ठेवली आणि ‘दिसतं ते काढा’ एवढंच सांगितलं. चित्रांत कालवे नव्हते. होते ते बारीक ठिपके आणि अस्पष्ट डाग. जवळ बसलेल्यांनी डाग काढले, फार लांबच्यांना काही दिसलं नाही, आणि मधल्या अंतरावरच्या मुलांनी सरळ रेषा काढल्या. मंगळावर काही निरीक्षकांना दिसलेले सरळ रेषांचे कालवे खरे की भास, हा वाद तेव्हा ऐन भरात होता.

हा प्रयोग कॅम्पवर जसाच्या तसा करता येतो. १२ सेंटिमीटर व्यासाची पांढरी चकती कापा. मऊ पेन्सिलीने त्यावर तीन-चार करडे डाग द्या, बोटाने कडा पुसट करा, आणि त्यांच्यामध्ये टोकदार पेन्सिलीने वीस-पंचवीस ठिपके विखरून टाका. रेष एकही नको. चकती काळ्या कागदावर चिकटवून, तिच्यावर बाजूने मंद उजेड टाकून, दहा मीटरवर उभी करा. इतक्या अंतरावर ती सुमारे ४१ कलांची (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) दिसते, म्हणजे २० विकलांचा मंगळ १२० पट वर्धनाने दिसेल साधारण तेवढी. प्रत्येकाला पाच सेंटिमीटरचं वर्तुळ छापलेला कागद आणि पंधरा मिनिटं द्या. पाच, दहा आणि वीस मीटर असे तीन गट करा, आणि एकाचा कागद दुसऱ्याला दिसू देऊ नका. शेवटी सगळे कागद चकतीशेजारी मांडले की कोण काय ‘बघतो’ ते समोर येतं. ठिपके जोडून रेषा करण्याची डोळ्याची खोड इथे एकदा पकडली गेली की पुढे गुरूच्या पट्ट्यांतले बारकावे काढताना हात आपोआप सावध होतो. स्वच्छ रात्री या प्रयोगाला कुणीच वेळ देणार नाही, आणि देऊही नये.

ढग आणि खगोलशास्त्र म्हटलं की फ्रेंच खगोलविद ग्वियोम ल जाँतीचं नाव निघतंच. १७६१ चं शुक्राचं अधिक्रमण (सूर्यबिंबावरून शुक्राचं सरकणं) त्याने हलत्या जहाजावरून बघितलं, जिथून मोजमाप होईना. पुढच्या अधिक्रमणासाठी तो आठ वर्षं पूर्वेकडेच राहिला, आणि ४ जून १७६९ च्या सकाळी पाँडिचेरीत नेमक्या त्या वेळी ढग आले. गोष्ट इथे संपवतात, आणि मला ते पटत नाही. त्या वर्षांत त्याने हिंदी महासागरातले वारे आणि भरती-ओहोटी यांच्या नोंदी केल्या, आणि पाँडिचेरीत कवड्या मांडून ग्रहणाचं गणित करणाऱ्या तमिळ ज्योतिर्विदांकडून त्यांची रीत समजून घेतली. त्याच्या प्रवासवर्णनातून ती युरोपातल्या अभ्यासकांपर्यंत पोचली. अधिक्रमणाची मोजमापं इतर ठिकाणांहूनही झाली. ही नोंद मात्र तो तिथे जवळपास दोन वर्षं राहिला म्हणून झाली.

फोटो काढणाऱ्यांना मळभात बसून राहण्याचं काहीच कारण नाही. डार्क फ्रेम (सेन्सरचा गोंगाट फोटोंतून वजा करायला घेतलेले काळे फोटो) याच वेळी घ्यायच्या: झाकण लावून, पुढे फोटोंसाठी जेवढं एक्सपोजर आणि आयएसओ वापरणार तेवढंच, वीस ते तीस फ्रेम. सेन्सरचा गोंगाट तापमानाबरोबर बदलतो, म्हणून त्या त्याच रात्रीच्या थंडाव्यात घेतलेल्या बऱ्या. फ्लॅट फ्रेमसाठी (धुळीचे डाग पुसायला घेतलेल्या एकसारख्या उजेडाच्या फोटोंसाठी) तर संध्याकाळचं किंवा पहाटेचं सपाट ढगाळ आभाळ यासारखं काही नाही, सगळीकडून एकसारखा उजेड. तोंडावर पांढरं कापड ताणून बसवा, हिस्टोग्रामचा डोंगर साधारण मधोमध येईल असं एक्सपोजर ठेवा. फोकस आणि कॅमेऱ्याचा कोन फोटोंच्या वेळी होता तोच हवा. तो हलला की धुळीचे डाग भलत्याच जागी पुसले जातात आणि नवे डाग उमटतात.

रेडिओवाल्यांना तर ढग असून नसल्यासारखे. ढगातला थेंब साधारण ०.०१ ते ०.०२ मिलिमीटरचा. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी त्याहून कितीतरी लहान, म्हणून तो प्रकाश विखुरला जातो. तीन मीटर लांबीच्या एफएम लहरीला तो थेंब जाणवतही नाही. उल्का ऐकायला एक साधा एफएम रेडिओ आणि दिशादर्शी यागी अँटेना पुरते. जवळपासचं कुठलंच केंद्र नसलेली, पण हजार-दीड हजार किलोमीटरवर ताकदवान केंद्र असलेली वारंवारिता शोधा. एरवी नुसती खरखर ऐकू येते. उल्का ८० ते ११० किलोमीटर उंचीवर आयनांचा माग सोडते, त्यावरून त्या दूरच्या केंद्राची लहर परावर्तित होते आणि खरखरीतून अचानक एखादा शब्द किंवा गाण्याचा तुकडा उमटतो, कधी सेकंदाचा अंश, कधी काही सेकंद. पहाटे तीन ते सहा ही वेळ सर्वांत चांगली, कारण तेव्हा आपण पृथ्वीच्या पुढे जाणाऱ्या बाजूवर असतो. दर दहा मिनिटांची संख्या वहीत लिहा.

डोळ्यांनी उल्का मोजताना अर्धवट ढग असतील तर नोंद दुरुस्त करता येते. आपल्या दृष्टिक्षेत्राचा किती भाग झाकलेला आहे ते दर दहा मिनिटांनी लिहायचं. वीस टक्के झाकलेला असेल तर मोजलेली संख्या ०.८ ने भागायची, म्हणजे १२ च्या १५ होतात. अर्ध्याहून जास्त आभाळ गेलं की मोजणी थांबवावी, त्या दुरुस्तीत मग दम राहत नाही.

मळभात एक शिस्त हटकून मोडते, ती दिव्यांची. ‘काही दिसत नाहीये ना’ म्हणून पांढरे टॉर्च बाहेर येतात, गाडीची डिकी उघडते, मोबाइल चमकतात. अंधाराला डोळा पूर्ण सरावायला ३० ते ४० मिनिटं लागतात. उघडीप चार मिनिटांची असेल तर त्या चार मिनिटांत कुणाचाच डोळा तयार नसतो. म्हणून ढग कितीही दाट असले तरी दुर्बिणींच्या मैदानात फक्त मंद लाल दिवा. मोबाइलच्या स्क्रीनचा लाल मोड पुरेसा नसतो, वर लाल पारदर्शक कागदाचे दोन थर लावावेत. चर्चा, चहा, चकतीचा प्रयोग, सगळं मैदानापासून लांब, आडोशाला.

आणि आभाळ खरोखर उघडलं की पहिला धोका दवाचा. ढगांचं छत असतं तेव्हा ते जमिनीने टाकलेली उष्णता परत पाठवत राहतं, काचा हवेइतक्याच तापमानाला राहतात आणि दव धरत नाही. छत सरकलं की काच थेट थंड अवकाशाकडे उष्णता फेकू लागते, दवबिंदूच्या खाली उतरते, आणि दमट हवेत पंधरा-वीस मिनिटांत धूसर होते. आधी फाइंडर आणि आयपीस जातात, मग श्मिट-कॅसेग्रेन दुर्बिणीची (हिच्या तोंडावरच काच असते) पुढची काच. न्यूटनी दुर्बिणीचा मुख्य आरसा नळीच्या तळाशी असल्याने सर्वांत शेवटी. पुढच्या काचेवर व्यासाच्या दीडपट लांबीचं दवरोधक नळकांडं ढग असतानाच बसवून ठेवा. हीटरची पट्टीही आधीच सुरू करा, कारण काच कोरडी ठेवणं हे ओली काच वाळवण्यापेक्षा सोपं आहे. १० वॅटची पट्टी १२ व्होल्टवर सुमारे ०.८ अँपिअर घेते. ७ अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी कागदावर आठ तास पुरेल, पण ती अर्ध्याखाली उतरवायची नसते, म्हणून चार तास धरा. ओली काच कधीही पुसू नका. धूळ आणि पाणी एकत्र घासलं की लेपावर ओरखडे कायमचे.

पावसाचं थोडक्यात. थेंब पडायच्या आधीच झाकायचं, पडल्यावर धावपळ करून उपयोग नाही. ताडपत्री नळीभोवती गच्च बांधू नका, खालून हवा खेळती ठेवा, नाहीतर आतच पाणी जमतं. ताडपत्रीची टोकं दुर्बिणीच्या पायांना न बांधता जमिनीत खुंट्या ठोकून बांधा, म्हणजे वाऱ्याने ती फुगली तरी ट्रायपॉड ओढून पाडणार नाही. चिपबोर्डची डॉब्सोनियन बैठक ओल्या गवतावर ठेवली की तळ फुगतो आणि पुढे ती कधीच गुळगुळीत फिरत नाही, तिच्याखाली विटा आणि प्लॅस्टिक हवं. वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर. तीसच्या आत सेकंद आले तर दुर्बिणी सोडून सगळ्यांनी इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही.

वहीत दर तासाला ढगांचं प्रमाण आठव्या हिश्श्यांत लिहावं: शून्य म्हणजे मोकळं, आठ म्हणजे पूर्ण झाकलेलं. शेजारी ढगाची जात, वाऱ्याची दिशा, आणि उघडीप कधी आली, किती मिनिटं टिकली, त्यात काय बघितलं. ‘काही दिसलं नाही’ एवढंच लिहिलेलं पान निरुपयोगी. त्याच जागी पुढच्या वर्षी त्याच महिन्यात कॅम्प ठरवताना रात्री किती वाजता ढग विरतात हे याच नोंदींतून कळतं.

सकाळी आवरताना घाई होते, आणि आरशांचं सर्वांत जास्त नुकसान तिथेच होतं. दमट नळीवर झाकण लावून ती पिशवीत बंद केली की काचेवर बुरशी धरते आणि लेप खाते. घरी पोचल्यावर झाकण काढून, नळी आडवी किंवा तोंड किंचित खाली करून, कोरड्या खोलीत काही तास तशीच ठेवा. आयपीसही डब्यातून बाहेर काढून, दोन्ही टोपणं उघडी ठेवून वाळवा. सिलिका जेलच्या पुड्या गरम करून पुन्हा कोरड्या करा आणि मगच डब्यात टाका. ताडपत्री आणि दवरोधक नळकांडं उन्हात सुकवायचं, घडी त्यानंतर.